६ फेब्रुवारी : संत गोन्सालो गार्सियाचा सण घरी मुलांसोबत कसा करता?

सुकेळी | १३ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षांनी लिहितेय, तेही गरजेपोटी.

माहेर वसई, सासर वसई, संसार मात्र पुण्यात, चौथ्या मजल्यावर. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी साडेपाचची. परवा मुलाच्या वर्गात मराठीच्या तासाला संतांची नावं विचारली. ज्ञानोबा, तुकोबा, जनाबाई, चोखोबा अशी फळ्यावर रांग लागली. घरी येऊन दप्तर टाकता टाकता विचारतो, "मम्मी, आपल्या वसईचा कोण संत आहे का?" मी ऐटीत म्हटलं, आहे की! संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत.

"मग त्याने काय केलं?"

म्हटलं, त्याला जपानमध्ये क्रुसावर मारलं.

"ते त्याला केलं. त्याने काय केलं?"

आणि मी अडकले. खरं सांगते, लहानपणापासून त्याचं नाव ऐकतेय. वसईजवळ गासला त्याच्या नावाचं देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), वसईत त्याच्या नावाचं कॉलेज, आमच्या खानदानातली निम्मी पोरं तिथून शिकून बाहेर पडली. पण मला त्याचं फक्त मरण ठाऊक. जगणं विचारलं तर पाटी कोरी.

यंदा ६ फेब्रुवारी शुक्रवारी येतोय. शाळा, ऑफिस, सगळं चालू. वसईला जाणं शक्य नाही, उलट माझी आईच इकडे येतेय आठवडाभर. तेव्हा म्हटलं, यंदा घरीच करावं काहीतरी. पण करायचं काय? नुसती मेणबत्ती लावून जपमाळ म्हटली तर धाकटी तिसऱ्या 'नमो मरिया'ला सोफ्याखाली असते. आणि ते क्रूस, भाले वगैरे साडेपाच वर्षांच्या पोरीला सांगायचं की नाही? ज्यांनी असले दिवस मुलांबरोबर केलेत त्यांनी लिहा प्लीज. वसईचेच असायला हवेत असं नाही.

ओवी | १३ जानेवारी, रात्री ११:०५

"ते त्याला केलं. त्याने काय केलं?" लेकाला माझ्याकडून एक पेढा. वाचतेय.

बावखल | १४ जानेवारी, सकाळी ६:२०

सुकेळी, पोराने बरोबर जागी बोट ठेवलं. मी बावीस वर्षं आमच्या पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. आपण सगळे संतांना शेवटाकडून सुरू करतो, म्हणून ती चित्रातली बाहुली होऊन बसतात.

मी वर्गात सांगते ती गोष्ट अशी. किल्ल्यात एक पोरगा होता. साधारण १५५७चा जन्म. बाप पोर्तुगीज, आई आपल्याकडची. म्हणजे घरातच दोन भाषा. शिकला जेझुइट फादरांकडे (जेझुइट म्हणजे कॅथलिक फादरांचा एक संघ). पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजात बसून जपानला गेला. तिथे भाषा शिकला आणि ती इतकी चांगली शिकला की लोकांना धर्मशिक्षण द्यायचं काम त्याच्याकडे आलं. त्याला स्वतः जेझुइट व्हायचं होतं. घेतलं नाही! हा भाग मुलांना फार आवडतो. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला होता, "टीचर, म्हणजे तो पण नापास?"

मग गडी व्यापारी झाला. बरा जम बसला. पण मन लागेना. मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन नावाच्या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर, म्हणजे व्रत घेतलेला पण पाद्री नसलेला. १५९३मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता नावाच्या फ्रान्सिस्कन फादरला आपला वकील म्हणून जपानच्या हिदेयोशीकडे पाठवलं. फादरना जपानी येत नव्हती. मग बरोबर कोण? आपला वसईकर.

विचार कर. अख्खा जपान ज्याच्या शब्दावर हलतो तो हिदेयोशी समोर बसलाय, इकडे स्पॅनिश वकील, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करणारा माणूस वसईच्या किल्ल्यातला. तो दुभाषी होता गं. लेकाला हे सांग.

भीतीबद्दल माझा नियम. सहा वर्षांखालच्यांना चालण्यापर्यंत सांगते. २६ जणांना पकडलं (त्यातल्या दोघांना वाटेत) आणि क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर थंडीत महिनाभर चालवत नेलं. "आणि मग ते देवाघरी गेले." बस. आठ-नऊच्या पुढच्यांना सगळं सांगते, कानाचा तुकडा कापला तेही. लपवलं तर ती मोबाइलवर बघतात आणि तिथली चित्रं आपल्या तोंडून ऐकलेल्यापेक्षा वाईट असतात.

प्रश्नचिन्ह | १४ जानेवारी, सकाळी ९:४८

कुणाच्या भावना दुखावायच्या नाहीत, पण विचारतो. पोर्तुगीजांनी वसईत नि गोव्यात काय काय केलं तेही सांगणार का मुलांना? की फक्त आपला संत चांगला आणि जपानी वाईट?

बावखल | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

सांगते की. किल्ल्यात सहल नेते तेव्हा चिमाजी अप्पांचं १७३९ सांगते आणि आपल्या देवळांतल्या घंटा कुठे कुठे गेल्या तेही सांगते. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक मेणवलीला. जाऊन वाजवून या म्हणते. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, दहावीच्या मुलांना सांगते, त्याआधी त्यांना तो शब्दही उच्चारता येत नाही. आणि जपान्यांना वाईट कशाला म्हणू? त्या २६ जणांत २० जपानीच होते. ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा आणि १ आपला.

हिदेयोशीलाही एक बाजू होती. १५९६मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज तिथे किनाऱ्याला लागून फुटलं. त्यातल्या मालावरून वाद झाला आणि 'हे लोक आधी पाद्री पाठवतात, मागून फौज' असा संशय बळावला. फिलिपिन्समध्ये स्पेनने काय केलं ते बघता संशय अगदीच हवेतला नव्हता. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं हो. त्यांच्या सोसायटीतल्या क्रिकेट टीमचं राजकारण याहून अवघड असतं.

प्रश्नचिन्ह | १४ जानेवारी, सकाळी १०:५२

मान्य. घंटांचं माहीत होतं, आकड्यांचं नव्हतं.

मांडवीकाठ | १४ जानेवारी, दुपारी १:१५

आमच्या गोव्यात मुलांचा खरा संत म्हणजे सांजांव, २४ जून. पावसाळा लागलेला, विहिरी भरलेल्या. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालायचं, 'व्हिवा सांजांव' ओरडायचं आणि धाडकन विहिरीत उडी. कारण काय, तर मरिया सेंट जॉनच्या आईला, एलिझाबेथला, भेटायला गेली तेव्हा सेंट जॉन (तोच सांजांव) आईच्या पोटात आनंदाने उडी मारता झाला. एवढी एकच गोष्ट, पण अंगाने करायची. म्हणून लहान पोर आयुष्यात विसरत नाही. माझा भाऊ कॅनडात असतो. तो अंगणात फुगवायचा टब ठेवून पोरांना उड्या मारायला लावतो. शेजारी पाहात राहतात.

३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त असतं, २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. पण खरं सांगू, लहानपणी आम्हाला त्यात फेरीतलं खाजं तेवढं दिसायचं. आल्याचा झणका असलेलं.

सांगायचा मुद्दा, तुमच्या गोन्सालोच्या गोष्टीतली एक कृती शोधा. उडी मारण्यासारखी. बाकी आपोआप येतं.

श्टुटगार्टकर | १४ जानेवारी, सायंकाळी ६:०२

मांडवीकाठ यांना अनुमोदन. आम्ही कोल्हापूरचे, हिंदू, इथे जर्मनीत किटामध्ये (बालवाडीत) मुलगी जायला लागली आणि संत घरात शिरले. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिन. मुलं महिनाभर आधीपासून कागदाचे कंदील करतात आणि संध्याकाळी अंधारात गाणी म्हणत गावातून मिरवणूक. पुढे घोड्यावर लाल झगेवाला मार्टिन. गोष्ट एवढीच, की थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. मिरवणूक संपली की आमच्याकडे पावाचं एक बाहुलं मिळतं, ते मोडून दुसऱ्याला अर्धं द्यायचं. माझी मुलगी तीन वर्षांची असताना अर्धं देऊन भोकाड पसरून रडली होती. पण दिलं.

५ डिसेंबरच्या रात्री दाराबाहेर बूट ठेवायचे, सकाळी त्यात निकोलाउसने अक्रोड, संत्री, चॉकलेट ठेवलेलं असतं. बूट पुसलेले हवेत ही अट. वर्षातून तेवढा एक दिवस आमच्या घरात बूट चकाचक असतात.

नगरी_चिवडा | १४ जानेवारी, रात्री ८:४०

आम्ही मराठी मिशनवाले, म्हणजे प्रोटेस्टंट. अमेरिकन मिशन १८३१ला नगरला आलं, आमचं घराणं तेव्हापासूनचं म्हणा. आमच्यात संतांचे सण नाहीत, त्यामुळे इथे गप्प बसून वाचत होतो. पण एक सांगतो. पंडिता रमाबाई गेल्या ५ एप्रिल १९२२ला, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. तिकडच्या अँग्लिकन चर्चने त्यांना आपल्या कॅलेंडरमध्ये बसवलंय, आणि इकडे आमच्या घरात त्यांचा दिवस कुणाला माहीत नाही. आजी मात्र त्यांची गोष्ट सांगायची, लहानपणी आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा करणारी, मुखोद्गत संस्कृत म्हणणारी मुलगी. संत म्हणा, नका म्हणू, ती गोष्ट मला अजून तशीच्या तशी येते. आजीने सांगितलेली म्हणून.

तोक्योची_तायडी | १५ जानेवारी, सकाळी ७:१०

अरे वा, माझ्या अंगणातला विषय! मी ब्राह्मणाघरची, त्यामुळे सणाचं मला काही ठाऊक नाही, पण नागासाकीला दोनदा गेलेय.

निशिझाका टेकडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. टेकडी म्हणजे छोटा उंचवटाच. तिथे १९६२मध्ये, त्यांना संत घोषित केल्याला १०० वर्षं झाली तेव्हा, स्मारक उभारलंय. लांबलचक भिंत आणि तिच्यावर एका ओळीत २६ ब्राँझचे पुतळे. फुनाकोशी यासुताके नावाच्या शिल्पकाराचं काम. मला सगळ्यात लक्षात राहिले ते पाय. कुणाचेच पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली सुटलेली, जसं काही आत्ताच वर उचललंय. आणि रांगेत मध्येच तीन उंचीने कमी. ती मुलं. सगळ्यात लहान लुई इबाराकी, १२ वर्षांचा. आंतोनियो १३चा, त्याचे वडील चिनी आणि आई जपानी. तिसरा तोमास कोझाकी, १४-१५चा. त्याने वाटेतून आईला पत्र लिहिलं होतं, धाकट्या भावांची काळजी घे म्हणून. ते पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या कपड्यांत सापडलं. वडीलही त्याच २६ जणांत होते.

हे तुम्ही मुलांना सांगा न सांगा. मला मात्र तिथे उभं राहून घरी फोन करावासा वाटला होता.

आता गमतीचा भाग. तुमचा संत दुभाषी होता ना? मग हा खेळ घ्या. पोर्तुगीजांनी जे शब्द आपल्याकडे सोडले तेच जपानमध्येही सोडले. आपण पाव म्हणतो, जपानीत 'पान'. आपण तंबाखू, ते 'ताबाको'. तेंपुरा हा शब्दही पोर्तुगीजवरूनच आला असं मानतात, आणि तेंपुरा म्हणजे शेवटी काय, परदेशी गेलेली भजी! चहा मात्र दोघांनाही चीनकडून आला. आपण चहा, ते 'ओचा', पोर्तुगीज 'शा'.

आणि नागासाकीचा केक आहे, कासुतेरा. तोही पोर्तुगीजांकडून शिकलेला. लोणी अजिबात नाही, नुसती अंडी, साखर, मैदा, मध. ओव्हन असेल तर सांगा, कृती देते.

सुकेळी | १५ जानेवारी, सकाळी ७:३२

तायडे, मी पोळ्या सोडून वाचतेय. एक पोळी जळाली. कृती दे.

तोक्योची_तायडी | १५ जानेवारी, दुपारी १२:२०

५ अंडी, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे मध, २ मोठे चमचे कोमट दूध. पिवळं-पांढरं वेगळं करायचं नाही. अंडी-साखर गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून कोमट करायची, मग फेटायची. फेटायची म्हणजे खरंच फेटायची, इलेक्ट्रिक बीटरने दहा मिनिटं. बीटर उचलून वरून रेघ काढली तर ती विरघळता कामा नये. मग मध-दूध, मग मैदा तीनदा चाळून तीन भागात. लांबट टिनला कागद, तळाला जाड साखरेचे दाणे भुरभुरायचे. १६० अंशावर ४५-५० मिनिटं. बाहेर काढल्यावर टिन एकदा ओट्यावर आपटायचा (मुलांना द्या हे काम). गरम असतानाच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचा, तेव्हा तो दमट होतो. त्याच दिवशी खाल्लात तर नुसता कोरडा स्पंज, मग मला नावं ठेवू नका.

ओवी | १५ जानेवारी, दुपारी ३:४४

बाळबोध प्रश्न. आमच्या समोर कॅथलिक कुटुंब राहतं. असल्या घरच्या सणाला बोलावलं तर काय न्यायचं? हळदीकुंकवाला कसं ओटीचं ठरलेलं असतं, तसं काही असतं का? आणि प्रार्थना चालू असताना आम्ही काय करायचं?

बावखल | १५ जानेवारी, सायंकाळी ५:१०

काही ठरलेलं नाही. फुलं न्या, वेदीवर ठेवतील. नाहीतर रिकाम्या हाताने जा आणि पोटभर जेवून या, त्याने जास्त बरं वाटेल त्यांना. प्रार्थनेला उभे राहिले तर उभं राहायचं, बसले तर बसायचं. कुणी तुम्हाला काही म्हणायला लावणार नाही. आणि शेवटी पोरं 'आमेन' जोरात ओरडतात, तेव्हा दचकू नका.

सुकेळी | १६ जानेवारी, रात्री ११:१५

बावखल मावशी (मावशी म्हटलं तर चालेल ना?), काल रात्री तुमची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. 'जेझुइटांनी घेतलं नाही' इथे लेक उठून बसला. आणि दुभाष्याचं ऐकून म्हणाला, "म्हणजे मी आजीचं करतो तसं?"

याचा संदर्भ सांगते. आई घरात सामवेदीच बोलते, म्हणजे आमची वसईकडची बोली. मराठी बोलते, पण पाच मिनिटांनी घसरून परत सामवेदीवर येते. हिंदी यथातथा. समोरच्या फ्लॅटमध्ये तमिळ कुटुंब आहे, त्यांचा मुलगा माझ्या लेकाचा जिगरी. आई आली की हा त्या दोघांच्या मध्ये उभा राहून आजीचं हिंदीत आणि मित्राचं सामवेदीत करत असतो. मला कधी ते वेगळं वाटलंच नव्हतं.

तर मांडवीकाठ, आमची उडी सापडली. सहा तारखेला संध्याकाळी दुभाष्याचा खेळ. आजीने सामवेदीत सांगायचं, मित्राने ते करायचं, मध्ये लेक. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही.

धाकटीचा एक प्रश्न राहिलाय. ते पाच तारखेला मारले गेले हे भावाने तिला सांगून टाकलं, तर तिचं म्हणणं, मग सण सहाला का?

बावखल | १७ जानेवारी, सकाळी ६:०५

मावशी चालेल, आजीसुद्धा चालेल. ५ फेब्रुवारी १५९७ हा दिवस खरा. पण पाच तारीख आधीपासून संत आगाथाची. जागा अडलेली, म्हणून हे सगळे एक दिवस पुढे सरकले. तिला सांग, लोकलमध्ये कसं चौथ्या सीटवर सरकून बसतात, तसं.

आणि मुलांच्या लक्षात राहील असं अजून एक. १६२७मध्ये पोपनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि संत झाले ८ जून १८६२ला, नवव्या पायसच्या हातून. म्हणजे मेल्यापासून २६५ वर्षं. आमच्या वर्गातली पोरं म्हणतात, रिझल्ट लागायला फार वेळ लागला.

सुकेळी | ८ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

वृत्तांत. लांब आहे, पण तुम्हीच भरीला घातलंत.

गुरुवारी रात्री कासुतेरा केला. तायडे, फेटायला दहा मिनिटं म्हणालीस, मी सातवर थांबले. मध्यभागी खड्डा पडला. टिन आपटायचं काम धाकटीला दिलं होतं, तिने तीनदा आपटला. तरी गुंडाळून ठेवला रात्रभर. सकाळी कडा कापून टाकल्यावर आत इतका मऊ आणि मधाळ निघाला, की खड्ड्याचं दुःख उरलं नाही. धाकटीला तळाची करकरीत साखर हवी होती, तिने प्रत्येक तुकडा उलटा करून खाल्ला.

शुक्रवारी पाचला लेक शाळेतून आला. सहाला मित्र. आईने फुग्यांचं (तळून फुगणाऱ्या गोळ्यांचं) पीठ भिजवून ठेवलं होतं. गावाला ती ताडी घालते, इथे यीस्ट. मैदा, अंडं, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ, थोडी साखर. यीस्टवर तिचा विश्वास नाही. दर दहा मिनिटांनी पातेल्यावरचं फडकं उचलून बघायची आणि नाक मुरडायची.

खेळ सुरू झाला. पहिली दोन-तीन वाक्यं ठीक गेली. चमचा आण, पाट सरकव. मग आईने फडकं उचललं आणि सामवेदीत म्हणाली, की पीठ अजून वर आलेलं नाही. लेकाने छाती पुढे काढून मित्राला सांगितलं, "दादी बोल रही हैं, आटा अभी ऊपर नहीं आया."

मित्र शहाणा मुलगा. चप्पल घातली आणि लिफ्टने खाली गेला. आम्हाला वाटलं शू लागली असेल. दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. वॉचमन विचारतोय, मॅडम, चौथ्या मजल्याचं आटा का पार्सल आहे म्हणे, इथे तर काही नाही.

आई हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. लेक आधी चिडला, मग त्यालाच सुचलं आणि एकदम गंभीर होऊन विचारतो, "मम्मी, गोन्सालोचं असं चुकलं असेल तर? राजासमोर?" मला उत्तर आलं नाही. बावखल मावशी, तुम्हीच विचार करा, हिदेयोशीसमोर 'पीठ वर आलं नाही' झालं असतं तर.

सातला पीठ खरंच वर आलं. आईने पाण्याचा हात करून पीठ मुठीत घेतलं, अंगठा नि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर दाबला आणि ओल्या चमच्याने उचलून तेलात सोडला. गोळा बुडाशी जातो, क्षणभर काही होत नाही, मग वर येऊन फुगतो आणि आपल्या आपण कुशीवर वळतो. मित्राने पहिल्यांदा पाहिलं. तोपर्यंत दुभाष्याची गरज संपली होती, दोघंही नुसते "आ गया, आ गया" करत होते.

जेवायच्या आधी टेबलावर मेणबत्ती लावली. लेकाने वहीच्या पानावर काढलेलं चित्र मागे टेकवलं. दोन बाजूंना दोन माणसं आणि मध्ये एक, त्याच्या तोंडातून दोन्हीकडे बाण. क्रूस नाही. मी काही बोलले नाही. एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', तीन 'नमो मरिया'. धाकटी सोफ्याखाली गेली नाही, कारण तिचं लक्ष फुग्यांवर होतं. मग पाव-पान, तंबाखू-ताबाकोचा खेळ झाला. मित्राच्या आईने त्यात तमिळ घातलं, त्यांच्याकडेही खिडकीला 'जन्नल' म्हणतात ते पोर्तुगीजच म्हणे. तायडे, तुझी यादी वाढव.

रात्री झोपताना लेकाने एकट्याने विचारलं तेव्हा त्याला तोमासच्या पत्राचं सांगितलं. ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याच्या आईला जपानी वाचता येत होतं?" येत असणार म्हटलं. "मग बरं."

तोक्योची_तायडी | ८ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

जन्नल भारी आहे. आणि सात मिनिटं???

बावखल | ८ फेब्रुवारी, रात्री ९:००

ते चित्र मला पाठव, पुढच्या वर्षी वर्गात लावते. आणि आईला सांग, यीस्टमध्ये चमचाभर साखर घालून कोमट पाण्यात फसफसू दिलं की ताडीची आठवण येत नाही. म्हणजे, येते. पण कमी.

श्टुटगार्टकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१८

वॉचमनला फुगी मिळाली का?

सुकेळी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

मिळाली, चार. 'आटा मिल गया मॅडम' म्हणून परत आला होता डबा द्यायला.

आई परवा वसईला गेली. जाताना लेकाला सुकेळीचं (सुकवलेल्या केळ्यांचं) पुडकं देऊन गेली आणि दुभाष्याची फी ठरवून गेली, एका वाक्याला एक सुकेळ. काल तिचा फोन आला, मित्र घरीच होता, म्हणून तिने त्याच्याशी बोलायला मागितलं. लेकाने फोन हातात घेतला आणि आधी विचारलं, "आजी, किती वाक्यं आहेत?"